पहिल्याच गाण्याला लिप गेली

अक्षय्य तृतीयेला नागपुरात बँडवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवशी आमच्याकडे सकाळी महालातली वरात होती आणि संध्याकाळी मानेवाड्याची. ऊन, तापलेलं डांबर, पुढे नाचणारे, मागे जनरेटरची गाडी हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी बँड पार्टीचा मास्तर. ट्रम्पेट वाजवतो आणि नवीन पोरांना शिकवतो. आमच्या पहिल्या ट्रम्पेटवाल्याला त्या सकाळी जे झालं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रम्पेटचे स्वर बोटांनी निघतात. व्हॉल्व्ह तर तीनच. आमचं ट्रम्पेट काळी पाचचं, म्हणजे पेटीची ती पट्टी हाच त्याचा सा. एकही व्हॉल्व्ह न दाबता त्या नळीतून सा, प, तार सा, तार ग, तार प आणि त्याच्याही वरचा सा निघतो. वरच्या प आणि सा यांच्या मध्ये एक नी पण लागतो, पण तो उतरलेला, कामाचा नाही. यातला कोणता स्वर वाजायचा ते ओठ आणि हवा ठरवतात. वर जावं तसे हे स्वर एकमेकांच्या जवळ येतात. ओठ केसभर चुकला की शेजारचाच वाजतो, आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

म्हणून या धंद्यात दम आधी संपत नाही, लिप, म्हणजे ओठांची ताकद, आधी संपते. आणि लिप संपवण्याचा हमखास रस्ता म्हणजे दाबणं. जुने मास्तर पोरांना सांगतात, "दाब, चढेल." एखाददुसरा स्वर चढतोही. पण माउथपीसची, म्हणजे ओठांना लावायच्या वाटीची, कड वरच्या ओठाला दातांवर चेपते, तिथलं रक्त हटतं, ओठ बधिर होतो. आणि थरथरायचं मुख्य काम त्याच ओठाचं असतं. मग पोरगा आणखी दाबतो. वरात मांडवाशी पोचेपर्यंत ओठावर गोल वळ आणि आवाजाच्या जागी नुसती हवा. असं शिकवणाऱ्यांनी कितीतरी चांगली पोरं वाया घालवली, हे मी त्यांच्या तोंडावर बोललेलो आहे. दुकानदार उथळ कपाचा माउथपीस विकतात, "यानं वरचा सा आपोआप निघतो" म्हणून. त्यानं आवाज चिरका होतो, ओठात ताकद येत नाही.

माझी पद्धत साधी आहे. सकाळी आधी खालचे स्वर, हळू आवाजात, लांब धरून. मग बोटं न लावता सा-प, प-सा असे नुसत्या ओठांनी चढ-उतार. ओठाचे कोपरे घट्ट, मधला भाग मोकळा, वजन खालच्या ओठावर. दोन गाण्यांच्या मध्ये घोडा फुरफुरतो तसे ओठ ब्रर्र करून सैल सोडायचे, रक्त परत येतं. आणि जेवढं वाजवलं, जवळपास तेवढं थांबायचं. मुखडा ट्रम्पेटनं घेतला तर अंतरा क्लॅरिनेट आणि युफोनियमनं, म्हणजे खालच्या स्वरांच्या मोठ्या पितळी बाजानं, घ्यायचा. मालकाला हे पाहवत नाही. ट्रम्पेट खाली दिसलं की लगेच, "बाजा बंद काऊन? पैसे पूर्ण घेतले ना?" पैसे देणाऱ्यालाही वाटतं की थांबलेला माणूस कामचोर आहे.

आमचा तो पहिला ट्रम्पेटवाला पोरगा चोविसाचा. हात चांगला, कान त्याहून चांगला. मागच्या लग्नसराईत वरचा सा सहज लावायचा आणि धरून ठेवायचा. त्या सकाळी पहिल्याच गाण्यात त्याचा तार ग फाटला. दुसऱ्या कडव्यात कोपऱ्यातून हवा सुटायला लागली.

"मास्तर, लिप जाऊन रायली."

मी त्याला थांबवलं, स्वतः मुखडा घेतला, गाणं खालच्या सप्तकात उतरवलं. तो बराच वेळ नुसता चालत होता. थकलेली लिप एवढ्यात थोडीतरी परत येते. ह्याची आली नाही. तिथेच मला खटकलं. थकवा दिवस चढेल तसा वाढतो, विश्रांतीनं उतरतो. हा सकाळी ताज्या ओठांनी तिथेच होता आणि विश्रांतीनंतरही तिथेच.

"ब्रर्र कर," म्हटलं. ओठ हललेच नाहीत. "गाल फुगव." फुगले नाहीत.

दुपारी जेवायला सावजीचा रस्सा होता. आमची पोरं त्यावर तुटून पडतात. हा दहीभात घेऊन बाजूला बसला. तिखट लागलं की तोंडाची आग होते, म्हणाला, बऱ्याच दिवसांपासून. मग मी त्याला म्हटलं, तोंड उघड आणि तीन बोटं उभी घालून दाखव. तोंडाच्या कॅन्सरच्या एका शिबिरात ही खूण मला कळली होती. त्याची दोन बोटं गेली. तिसरं काही केल्या जाईना.

खर्रा. नागपूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पानठेल्यावर पन्नीत घोटून दिलेला. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली झाली, खर्रा चौकाचौकात मिळतोच. उपाशीपोटी उभं राहायचं, दोन वरातींच्या मध्ये झोप नाही, म्हणून बँडवाला तो गालात धरतो; आणि कित्येक मालक चहापाण्याच्या नावाखाली स्वतःच पुड्या वाटतात. मला या गोष्टीचा मनापासून संताप आहे.

मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या डेंटल कॉलेजला त्याला घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी पट्टीनं माप घेतलं: समोरच्या दातांमध्ये २६ मिलिमीटर. निरोगी माणसाचं ३५च्या वर असतं. त्यांनी गालाच्या आत बोट फिरवून मलाही दाखवलं. गुलाबी असायला हवं ते पांढुरकं, आणि आत दोऱ्यासारखे ताठ पट्टे. सुपारीमुळे तोंडाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल आणि ओठ आखडतात. शिट्टी वाजवता न येणं, फुंकता न येणं ही याची लक्षणंच आहेत, असं बाई म्हणाल्या. साचलेलं पूर्ण मागे जात नाही. पुढे कॅन्सर होण्याचा धोका राहतो. खर्रा आजच बंद, गालात इंजेक्शनं, आणि आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायाम, रोज, काडी वाढवत.

पोरानं खर्रा सोडला आहे. त्याची आई काड्या मोजते. हल्ली तीन बोटं जेमतेम जातात. ट्रम्पेटवर तार सा बरा लागतो, ग कधी लागतो कधी नाही.

मला अजून सुटलेलं नाही ते हे, की त्याचे वरचे स्वर नक्की कशानं गेले. ओठ आखडायला लागल्यावर स्वर काढायला तो दाबायला लागला असणार. म्हणजे काही नुकसान आखडण्याचं, काही दाबण्याचं. पहिलं पूर्ण भरून येणार नाही, दुसरं येऊ शकतं. पण ऐकून दोन्ही सारखंच वाटतं. म्हणून सध्या वरचं काही मागायचं नाही, असं मी ठरवलंय. त्याला युफोनियम दिलंय. मोठा माउथपीस, खालचे स्वर, ओठावर ताण कमी, दाबायची गरज पडत नाही. दाब सुटला की ट्रम्पेट पुन्हा हातात देऊन पाहीन.

मालक म्हणतो, युफोनियमवाल्याची मजुरी ट्रम्पेटवाल्याहून कमी असते, तेवढीच मिळेल. पोराचा औषधाचा खर्च चालू आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींच्या सुपाऱ्या लिहायच्या आहेत. त्याला पूर्वीचीच मजुरी मिळाली तरच मी मास्तर म्हणून उभा राहीन, असं मालकाला सांगून ठेवलंय.