सरकारी इमारतीवर सोलर: अडलं ते वीजबिलावरच्या नावापाशी

कायद्याचा धाक दाखवून सोलरची फाईल पळत नाही, हे आधीच सांगतो. ऊर्जा संवर्धन कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 जानेवारी 2023 पासून लागू झाली, पण कोळसा-तेल-वायूखेरीजच्या ऊर्जेच्या किमान वाट्याचं बंधन ती नेमून दिलेल्या मोठ्या ग्राहकांवर घालते. ठाण्यातल्या आमच्या तीन मजली कार्यालयाला ती थेट लागत नाही. आम्हाला धरलं ते पीएम सूर्यघर या केंद्राच्या गच्चीवरच्या सोलर योजनेतल्या सरकारी इमारतींच्या उद्दिष्टाने. त्यातलं अनुदान मात्र घरांना. म्हणून रेस्को पद्धत घेतली: संच ठेकेदाराचा, आपण फक्त युनिटचे पैसे द्यायचे. ते वीजबिलाच्याच तरतुदीतून जातात, भांडवली मंजुरीचा फेरा वाचतो.

निविदा, गच्चीची पाहणी, आराखडा सुरळीत झालं. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा धरा. टाक्या आणि जिन्याच्या खोलीची सावली वजा करूनच.

खरी कटकट नेट मीटरिंगच्या, म्हणजे बाहेर दिलेली वीज बिलातून वजा करून घेण्याच्या, अर्जात. तो इमारतीवर चालत नाही, ग्राहक क्रमांकावर चालतो. आमचं बिल येत होतं ते इमारत केव्हाच सोडून गेलेल्या विभागाच्या नावाने. वर्षानुवर्षं पैसे आम्ही भरतोय, पण करारावर सही करायला आम्ही कोणीच नाही! नाव बदलायला जुन्या विभागाचं ना-हरकत पत्र, ताबापत्र, थकबाकी शून्य असल्याचं बिल आणि सुरक्षा ठेव वर्ग करण्याचं पत्र लागलं. ताबापत्र दोन्हीकडच्या दप्तरांत नव्हतं. दोन्ही कार्यालयांनी मिळून नव्याने केलं. हे निविदेच्या आधी करा.

नावाचा प्रश्न सुटला, तर मंजूर भार, म्हणजे त्या जोडणीला वीज कंपनीने मंजूर केलेले किलोवॅट, आडवा आला. संचाची क्षमता त्या जोडणीच्या मंजूर भारापेक्षा जास्त चालत नाही. इमारतीत तीन मीटर असतील तर तिन्हींची बेरीज धरता येत नाही. जिथे सोलर जोडायचा त्याच जोडणीचा भार वाढवा, किंवा आधी जोडण्या एकत्र करून घ्या.

वीज ग्राहक हक्क नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीने तांत्रिक तपासणीची (संच जोडता येईल का, ते वीज कंपनी बघते) मुदत 20 वरून 15 दिवसांवर आणली आणि 10 किलोवॅटपर्यंत ती तपासणीच काढून टाकली. आमचा संच 30 किलोवॅटचा, त्यामुळे तपासणी चुकली नाही. आणि हे 15 दिवस अर्ज पूर्ण धरल्यावरच मोजतात. पोच घेताना "परिपूर्ण" हा शेरा मागा, लाजू नका.

नेट मीटर बसण्याआधी "जरा चालवून बघू" म्हणणाऱ्याला आवरा. शनिवार-रविवारी कार्यालय बंद, सगळी वीज बाहेर जाते, आणि बरेच साधे मीटर ती वापर म्हणून मोजतात. बिल उलटं फुगतं.

खाडीची हवा आहे, पॅनलचा सांगाडा हॉट-डिप गॅल्वनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) घ्या. मुंबई परिसराचा मूळ वाऱ्याचा वेग 44 मीटर प्रति सेकंद धरून केलेली स्ट्रक्चरल इंजिनिअरची गणितं मागा. ब्रिकबॅट कोब्याला (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा गळतीरोधक थर) ड्रिल लावू देऊ नका, सांगाडा धरायला काँक्रीटचे ठोकळे ठेवा. त्यांचं वजन स्लॅबला झेपतं का, ते त्याच गणितात येऊ द्या. गच्चीवर नळ हवाच. पॅनल धुण्याचं पाणी कोणी द्यायचं, हे करारात नसेल तर पावसाळा संपल्यावर त्याचाही पत्रव्यवहार सुरू होतो.