सात रात्री, दोन मुक्काम आणि स्पेनची रेल्वे

"आम्हाला सात रात्री मिळत आहेत, स्पेनला पहिल्यांदाच चाललो आहोत आणि रेल्वेनेच फिरायचे असे ठरवले आहे, तर माद्रिद, बार्सिलोना, सेविया, ग्रानादा आणि जमल्यास वालेन्सिया एवढे होईल ना?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, कधी नात्यातून, कधी बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांकडून, तर कधी जर्मनीत मुलाकडे निघालेल्या आणि वाटेत स्पेन उरकून यावे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांकडून. मी आणि माझे यजमान दोनदा स्पेनला जाऊन आलो आणि दोन्ही वेळा रेल्वेनेच हिंडलो, म्हणून लोक विचारतात. तुम्ही विचारलेत म्हणून माझे उत्तर एकदा नीट लिहून काढते. गाड्या तुम्हाला पाचही शहरांत पोहोचवतील, त्याबद्दल शंका नाही. पण तुम्ही तसे करू नये, असे मला मनापासून वाटते. सात रात्रींत मुक्कामाची शहरे दोनच ठेवावीत, माद्रिद आणि सेविया, आणि बाकीचे जे पाहायचे ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावरचे निवडावे.

याचे कारण वेळापत्रकात दिसत नाही. माद्रिद ते बार्सिलोना हे 621 किलोमीटर अंतर वेगवान गाडी सुमारे अडीच तासांत कापते, हे वाचले की आपल्याला वाटते, सकाळचा नाश्ता इथे आणि दुपारचे जेवण तिथे. प्रत्यक्षात शहर बदलायचा दिवस सामानाने खाल्लेला असतो. बॅगा भरायच्या, खोली सोडायची, स्थानकावर वेळेआधी पोहोचायचे, नव्या शहरात उतरल्यावर खोली मिळायला दुपार होते आणि तोवर बॅगा कुठे ठेवायच्या याची चिंता. असे चार बदल केले तर सातांपैकी दोन दिवस निव्वळ ने-आण करण्यात जातात. उलट खोली एकच ठेवून खांद्यावर पिशवी आणि पाण्याची बाटली एवढ्यावर निघालात, तर माद्रिदहून तोलेदो अर्ध्या तासाच्या थोडे पुढे आहे आणि सेवियाहून कोर्दोबा पाऊण तासावर. स्पेनच्या रेल्वेचे खरे सुख या छोट्या फेऱ्यांत आहे.

या रेल्वेची घडण थोडी समजून घेतली, तर पुढचे बरेच गोंधळ टळतात. स्पेनच्या मुख्य भूमीवरची पहिली गाडी 1848 मध्ये बार्सिलोना ते मातारो धावली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या पाच वर्षे आधी. त्याआधी 1844 मध्ये तिथल्या अभियंत्यांनी रुळांमधले अंतर सहा कास्तिलियन फूट ठरवले होते. आज ते 1668 मिलिमीटर आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. म्हणजे फरक जेमतेम आठ मिलिमीटरचा, आणि फ्रान्सच्या रुळांपासून मात्र ते तब्बल 23 सेंटिमीटरने वेगळे. 1992 मध्ये सेवियाला जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा माद्रिद-सेविया हा पहिला वेगवान मार्ग बांधताना स्पेनने बहुतेक युरोपाचे 1435 मिलिमीटरचे माप घेतले. त्यामुळे आज त्या देशात एकाच वेळी दोन मापांचे जाळे आहे आणि चाकांमधले अंतर बदलून दोन्हींवर धावणाऱ्या गाड्याही आहेत. त्या तंत्रासाठी नावाजलेल्या ताल्गो कंपनीच्या गाडीची 2016 मध्ये आपल्याकडे दिल्ली-मुंबई मार्गावर चाचणी झाली होती, हे काहींना आठवत असेल.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की नवे मार्ग अनेक ठिकाणी जुन्या गावांना वळसा घालून जातात आणि नव्या स्थानकाला गावाचे नाव असले तरी ते गावात असतेच असे नाही. सेगोवियाचे वेगवान गाडीचे स्थानक गावाबाहेर मोकळ्या माळावर आहे. तिथून बसने रोमन जलवाहिनीच्या पायथ्याशी यावे लागते. त्या कमानी पाहून मात्र त्या माळाचा राग राहत नाही. दगडावर दगड, मध्ये चुना नाही, आणि ते सारे सुमारे एकोणीसशे वर्षे उभे.

सेगोवियाचीच गोष्ट सांगते, कारण तीत आमची स्वतःची चूक आहे. माद्रिदमध्ये दोन मोठी स्थानके आहेत, दक्षिणेकडे आतोचा आणि उत्तरेकडे चामार्तिन. तोलेदोला आम्ही आतोचाहून गेलो होतो, म्हणून सेगोवियालाही तिथूनच जायचे असे गृहीत धरले आणि तिकिटावरचे नाव वाचलेच नाही. सेगोवियाची गाडी चामार्तिनहून सुटते. फलकावर गाडी दिसेना, तेव्हा यजमानांनी तिकीट माझ्या हातात दिले आणि मी ते मोठ्याने वाचले. लोकलने धावत चामार्तिनला पोहोचेपर्यंत गाडी गेली होती आणि दोन तिकिटांचे पैसेही गेले. तेव्हापासून मी सर्वांना सांगते, की तिकीट घेताना शहराचे नाव न वाचता स्थानकाचे पूर्ण नाव वाचा. अलीकडच्या काही वर्षांत तर वालेन्सिया आणि आलिकान्तेकडच्या गाड्याही चामार्तिनहून सुटू लागल्या आहेत, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांच्या भरवशावर राहू नका. रेन्फे या सरकारी कंपनीच्या लांब पल्ल्याच्या तिकिटासोबत शहरातल्या लोकलचा, म्हणजे सेर्कानियासचा, प्रवासही मिळतो. तिकिटावरचा संकेतांक स्थानकातल्या यंत्रात टाकला की लोकलचे तिकीट हातात येते. कित्येकांना हे ठाऊक नसते आणि ते उगाच टॅक्सी करतात.

स्थानकावर अर्धा तास आधी पोहोचावे. मार्च 2004 मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. आतोचाला त्या मृतांचे स्मारक आहे आणि तिथे दोन मिनिटे थांबावेसे वाटते. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी सामान यंत्रातून तपासले जाते आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी फलाटाकडचे दार बंद होते. फलाटाचा क्रमांक, ज्याला तिथे 'वीया' म्हणतात, बराच उशिरा फलकावर लागतो. तोवर घाबरून इकडेतिकडे पळू नये. आतोचाच्या जुन्या इमारतीत, लोखंडी छताखाली, ताडामाडांची बाग केली आहे. तिथे बसून वाट पाहताना मला क्षणभर कोकणातल्या एखाद्या परसात बसल्यासारखे वाटले.

आता तिकिटे. आपल्याकडे भाडे ठरलेले आणि जागेची काळजी. तिथे प्रतीक्षायादी नाही, आरएसी नाही, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांचे भाडे मागणीप्रमाणे वाढत जाते. रेन्फेबरोबर 2021 पासून फ्रेंच रेल्वेची उईगो आणि 2022 पासून ईर्यो अशा कंपन्या मुख्य मार्गांवर धावतात, म्हणून निदान तिन्हींचे दर पाहावेत. मात्र स्वस्त तिकिटात सामानाची मर्यादा कडक असते आणि परतावा बहुधा मिळत नाही, तेवढे आधी वाचून घ्यावे. तोलेदोच्या आवांत, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या वेगवान, गाडीचे भाडे ठरलेले असते, पण शनिवार-रविवारी ती भरते, तेव्हा आदल्या दिवशीच जागा घ्यावी. युरोपचा रेल्वे पास एवढ्या छोट्या प्रवासाला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पास असूनही वेगवान गाड्यांत आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावेच लागतात.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शक्यतो तीन महिने आधी करावा, हॉटेले रद्द करता येतील अशीच ठरवावीत आणि परतावा नसलेली रेल्वेची तिकिटे पासपोर्ट हातात आल्यावरच काढावीत. चार पैसे जास्त पडतील, पण जीव टांगणीला राहत नाही.

आता प्रत्यक्ष आखणी. पहिल्या तीन रात्री माद्रिद. विमानातून उतरल्याच्या दिवशी पुढची गाडी घेऊ नये. विमान उशिरा आले तर गाडी कोणासाठी थांबत नाही. राहायला आतोचाच्या आसपास पाहावे, कारण पिकासोचे 'गेर्निका' हे चित्र ज्या रेना सोफिया संग्रहालयात आहे ते स्थानकासमोरच आहे. ते मंगळवारी बंद असते. एक दिवस तोलेदोला द्यावा. तिथे उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका. 1919 मध्ये बांधलेली ती स्थानकाची इमारत मूरिश धर्तीची आहे, कोरीव लाकडी छत, रंगीत फरशा, नालाच्या आकाराच्या कमानी. गाव तीन बाजूंनी ताखो नदीने वेढलेल्या टेकडीवर आहे. पूल ओलांडून चढून जाता येते, गुडघ्यांचा त्रास असेल तर बस आहे.

मग सकाळच्या गाडीने सेविया, साधारण अडीच-पावणेतीन तास. या प्रवासात झोपू नका, ही माझी विनंती आहे. सिएरा मोरेना डोंगर ओलांडला, की जैतुनाची झाडे सुरू होतात आणि मग ती संपतच नाहीत; तांबूस मातीवर करड्या-हिरव्या ठिपक्यांच्या ओळी, रांगोळीसाठी कागदावर टोचलेल्या छिद्रांसारख्या नेमक्या. सेवियाला तीन रात्री. तिथल्या कॅथेड्रलचा खिराल्दा मनोरा मुळात बाराव्या शतकातल्या मशिदीचा मिनार आहे आणि वर जायला शेवटच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर उतरणीचा रस्ता आहे, त्यामुळे माझ्या पंचाहत्तरीच्या नणंदबाईही वरपर्यंत आल्या. आल्कासार राजवाड्याची वेळ ठरवून मिळणारी तिकिटे मात्र आधीच काढून ठेवावीत.

मधला एक दिवस कोर्दोबाचा, आणि साऱ्या प्रवासात हा एक दिवस वगळू नये असे मला वाटते. 785 च्या सुमारास तिथल्या मुस्लिम राज्यकर्त्याने, पहिल्या अब्द अर-रहमानने, सुरू केलेली तिथली मोठी मशीद पुढची दोनशे वर्षे वाढत गेली. आत गेल्यावर प्रथम अंधार जाणवतो, मग डोळे सरावतात आणि आठशेहून अधिक खांबांचे रान समोर उभे राहते. खांब सगळे सारखे नाहीत, कारण त्यांतले बरेच जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथिक इमारतींतून आणलेले आहेत. कुठला गुळगुळीत, कुठला पिळाचा, कुठला थोडा बुटका. त्यांच्यावर लाल विटा आणि पांढरा दगड आलटून पालटून रचलेल्या दुमजली कमानी. 1236 मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेले आणि सोळाव्या शतकात या खांबांच्या मधोमध उंच कॅथेड्रल उभारले गेले. अंधारातून चालताना एकाएकी छत वर उचलले जाते आणि उजेड अंगावर येतो. मी तिथे खांबाला टेकून बराच वेळ उभी राहिले. दिवसात आणखी एक गाव बसवण्याची घाई असती, तर ते जमले नसते.

जुलै-ऑगस्टमध्ये ही दक्षिण चाळीस अंशांच्या पुढे तापते, म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडावा. ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात आणि सेवियाच्या एप्रिलमधल्या जत्रेत हॉटेलांचे भाव चढतात, तेवढ्या तारखा पाहून घ्याव्यात. शाकाहारी मंडळींनी 'व्हेजिटेरियन' एवढेच सांगून थांबू नये, कारण सॅलडमध्ये ट्यूना मासा आणि सालमोरेखो या टोमॅटोच्या गार सारावर डुकराच्या मांसाचे तुकडे सर्रास असतात. 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून', म्हणजे मांस नको, हॅम नको, ट्यूना नको, एवढे पाठ करावे. सेवियात पालक आणि छोल्यांची भाजी पावाबरोबर मिळते, तिच्यात जिरे असते. पाचव्या दिवशी ती खाऊन माझ्या नणंदबाईंचा चेहरा खुलला. रात्रीचे जेवण नऊच्या आधी बहुतेक ठिकाणी मिळत नाही, तेव्हा संध्याकाळसाठी पिशवीत काहीतरी असू द्यावे.

"पण बार्सिलोना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. वास्तुविशारद गाउदीच्या नावाने ओळखले जाणारे ते शहर तुमच्या मनात पहिले असेल, तर खुशाल माद्रिद तीन आणि बार्सिलोना चार रात्री करा, विमानाचे तिकीट माद्रिदला उतरून बार्सिलोनाहून परतीचे काढा आणि दक्षिण पुढच्या वेळेसाठी ठेवा. दोन्ही एकत्र करू नका. सेविया ते बार्सिलोना थेट गाडीलाही साडेपाच तासांच्या आसपास लागतात.

सातवी रात्र पुन्हा माद्रिदची, म्हणजे परतीच्या विमानाच्या दिवशी रेल्वेवर विसंबावे लागत नाही. सेवियाहून दुपारपर्यंत आतोचाला उतरावे, बॅगा खोलीवर टाकाव्यात आणि प्रादो संग्रहालयाकडे चालत निघावे. पाऊण मैलाच्या आतले अंतर आहे. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ तिथे प्रवेश विनामूल्य असतो. रांग लांब दिसली तरी ती भराभर पुढे सरकते. दोन तासांत सगळे पाहायचा अट्टहास न धरता सरळ वेलास्केसच्या 'लास मेनिनास' या चित्रासमोर जाऊन उभे राहावे.