पज हेफेलफिंगर (७५ मिमी): कॅनव्हासचं जॅकेट जमलं!

चौथ्या खेपेला जमलं, मंडळी. पज हेफेलफिंगर या अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या खेळाडूची छोटी आकृती घडवतोय, तिच्या अंगातलं जॅकेट. काल रात्री दिव्याखाली आकृती फिरवून फिरवून बघितली आणि पहिल्यांदाच ते जॅकेट कापडाचं वाटलं.

गेल्या फोटोंवर तुमच्यापैकी दोघांनी नेमकं सांगितलं होतं: पुट्टीत कोरलेलं जॅकेट स्वेटरसारखं दिसतंय. १८९२ चा खेळाडू म्हणजे हेल्मेट नाही, अंगात नाडीनं आवळलेलं जाड कॅनव्हास. त्याला मऊ चुण्या चालत नाहीत. कोपरापाशी, काखेत मोडल्यासारख्या ताठ घड्या हव्यात. पुट्टीत त्या धारदार कोरल्या की दगडी वाटायच्या, ओल्या बोटानं जरा मऊ केल्या की लोकर. मग पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू लावला. घड्या सुरेख पडल्या, पण रेशमाच्या. झेंड्याला उत्तम, याला नाही. टिश्यूवर पुट्टीचा हात दिला तर पाठीवरचा अख्खा पापुद्रा सुटला आणि उजवा खांदा पुन्हा करावा लागला.

तोडगा निघाला औषधांच्या डब्यात. मलमाची रिकामी अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब! कापून, धुऊन, आतला लाखेचा थर सँडपेपरनं घालवायचा आणि गॅसवर क्षणभर तापवायची. पत्रा कागदासारखा वळतो आणि पडलेली घडी सोडत नाही. नाडीची भोकं सुईनं पाडली, नाडी जुन्या इअरफोनमधल्या तांब्याच्या तारेची. मळकट पांढऱ्यावर तपकिरी तेलरंगाचा पातळ वॉश, मग ड्राय ब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशानं उंचवट्यांवर रंग. बाहेरून मागवलेली महागडी धातूची पत्री माझ्याकडे पडून आहे, ती या कामाला जाड पडते. त्यावर पैसे घालू नका.

बेसवर आखलेल्या मैदानाच्या चौकटी खरवडल्या. त्या १९०३ नंतरच्या. तेव्हा फक्त दर ५ यार्डांवर आडवी रेषा असे. आपल्या प्रमाणात ५ यार्ड म्हणजे १९ सेंटिमीटर, म्हणून बेसवर एकच रेषा येते.

मागे गोलपोस्ट उभा करणार होतो. पण हे लिहितानाच वाटतंय, तो नकोच. १२ नोव्हेंबर १८९२ ला, आजच्या पिट्सबर्गमध्ये, येल विद्यापीठाच्या या माजी गार्डनं (पुढच्या फळीतला खेळाडू) निसटलेला चेंडू उचलून टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला. तेव्हा त्याचे ४ गुण, आणि त्याचा क्लब अ‍ॅलेघेनी ४-० नं जिंकला. पण तो पहिला व्यावसायिक फुटबॉलपटू ठरला तो क्लबच्या हिशेबाच्या पानामुळे: खेळण्याबद्दल ५०० डॉलर, रोख. ते पान उजेडात येईपर्यंत हा मान १८९५ साली लॅट्रोब संघाकडून १० डॉलर घेऊन खेळलेल्या जॉन ब्रॅलियरकडे होता. मग धावणाऱ्या पजच्या मागे ते पानच हवं, आकृतीपेक्षा उंच, पिवळं पडलेलं. गोलपोस्टच्या काड्या परत डब्यात.

अक्षरं छापणार नाही. चहाच्या पाण्यात कागद भिजवून वाळत घातलाय. उद्या टाकानं लिहून बघतो शाई फुटते का.