तुम्ही विचारलंत म्हणून: ‘नको असेल तर वापरू नका ना!’

नवा कॉम्प्युटर हातात आला की मी सगळ्यात आधी त्यात आयता आलेला मेसेंजर, म्हणजे एकमेकांना निरोप लिहायचा प्रोग्राम, काढून टाकते. कुणी मदतीला बोलावलं तर त्यांनाही विचारते, “हा वापरता का? नाही? मग काढू?” त्यावर ठरलेला प्रश्न येतो, “असू दे की कोपऱ्यात. नको असेल तर वापरू नका. काढायचा एवढा हट्ट कशाला?” इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट सांगते.

तो जागा खातो, मशीन मंद करतो, हे मुद्दे मी सोडून दिलेत. आजच्या मशीनला तेवढं ओझं जड नाही, मान्य. पण मेसेंजर म्हणजे कॅल्क्युलेटर नव्हे. कॅल्क्युलेटर उघडला नाही तर गप्प पडून राहतो. मेसेंजर एकदा साइन-इन झाला की मशीनबरोबर आपोआप सुरू होतो आणि तुमच्या नावापुढे ठिपका लावून ओळखीच्यांना कळवतो, की ही इथे आहे. की-बोर्डवर बोटं चालू आहेत तोवर ठिपका हिरवा. त्याची खिडकी तुम्ही वर्षभरात एकदाही उघडली नसली तरी हिरवाच.

पूर्वी मीही तुमच्यासारखंच म्हणायचे. आयकॉन लपवला, सूचना बंद केल्या, विषय संपला.

त्या रात्री मी एका अनुवादाचं शेवटचं प्रकरण संपवत होते. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, आवाज बंद. सकाळी काम द्यायचं होतं, म्हणून दोन वाजेपर्यंत जागेवरून हललेही नाही. त्यानंतर माझी एक जुनी मैत्रीण हळूहळू तुटक बोलायला लागली. तिची आई जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता, म्हणून मी समजून घेत राहिले. मी समजून घेतेय असं मला वाटत होतं. पाच आठवड्यांनी ती एकदाची म्हणाली, “त्या रात्री तू समोर होतीस गं. तुला दिसत होतं, तरी बोलली नाहीस.”

मला काही कळेना. घरी येऊन तो प्रोग्राम शोधून उघडला. (कोणता, कुणाचा, ते सांगत नाही, भांडण त्या नावाशी नाही.) खिडकीत तीन ओळी होत्या. ११.४०: “जागी आहेस?” ११.५२: “ऑनलाइन दिसतेयस. दोन मिनिटं बोलू?” १२.३१: “बरं. कामात असशील.”

त्या ५१ मिनिटांत मी एका वाक्यातलं क्रियापद तीनदा बदललं होतं. ते अजून आठवतं.

मी तिला विचारलं, “फोन का नाही केलास?” विचारायला नको होतं. ती म्हणाली, “अपरात्री कुणाला उठवायचं नव्हतं. तू जागी दिसलीस म्हणून तर लिहिलं.” प्रोग्राम खोटं बोलला नव्हता. मी जागी होते, मशीनवरच होते. ते सांगू का, एवढं त्याने मला विचारलं नव्हतं. विचारलंही असेल म्हणा, पहिल्या दिवशी ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य’ अशी बटणं दाबत गेले तेव्हा. आणि सूचना मीच बंद केल्या होत्या. स्वतःचे कान झाकले आणि त्याचं तोंड उघडं ठेवलं, हे माझंच काम.

म्हणून कुणी “आयकॉन लपवा, झालं” असं सांगितलं की माझा आवाज चढतो. लपवणं आणि काढणं यांतला फरक जुना आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी आली, तिच्यात विंडोज मेसेंजर आधीच बसवलेला होता. ईमेलसाठीचं आउटलुक एक्सप्रेस उघडलं की तोही जागा व्हायचा. काढायला जावं तर सुरुवातीच्या आवृत्तीत काढण्याच्या यादीत त्याचं नावच नसे. विंडोज फोल्डरमधल्या आयएनएफ फोल्डरात ‘सिसॉक’ नावाची एक साधी मजकुराची फाइल होती. तिच्यातल्या त्याच्या ओळीत ‘हाइड’ असा शब्द लिहिलेला असे. नोटपॅडमध्ये तेवढा शब्द खोडून फाइल सेव्ह केली की नाव यादीत उगवायचं. चार अक्षरांचा तो इंग्रजी शब्द खोडणं किती जणांना सुचणार होतं? विंडोजबरोबर मेसेंजरसारखे प्रोग्राम आयते दिल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ३३ अब्ज वॉन दंड केला आणि मेसेंजर वगळलेली विंडोजही विकायला लावली. म्हणजे हा हट्ट माझ्या एकटीचा नाही.

आता मी काय करते? आधी खात्यातून साइन-आउट, मग मशीनबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीतून तो बंद, मग अनइन्स्टॉल, मग मशीन पुन्हा सुरू करून खात्री. नुसतं अनइन्स्टॉल करून थांबू नका. खातं दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडं असेल तर ठिपका तिथूनही लागतो. मोठा अपडेट आला की पुन्हा एकदा बघायचं.

पण एका बाईंनी मला विचारलं होतं, “तो मेसेंजर तेव्हा नसताच, तर तुमच्या मैत्रिणीने त्या रात्री कुणाला लिहिलं असतं?” याचं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित तिने फोन केला असता. तो दुसऱ्या खोलीत आवाजाविना उजळून विझला असता. कदाचित कुणालाच काही लिहिलं नसतं. मैत्रीण आता बोलते. तो विषय निघाला की “जाऊ दे” म्हणते.

मागच्या अपडेटनंतर तो आयकॉन पुन्हा दिसला. काढायला बसले आणि हात थांबला. आधी साइन-इन केलं आणि कुणी काही लिहिलंय का ते पाहिलं. कुणी लिहिलं नव्हतं. तेवढी दोन-तीन मिनिटं माझ्या नावापुढे हिरवा ठिपका होता. कुणी पाहिला का, माहीत नाही. मग काढून टाकला.