गंज पेठेतलं बुटकं घर

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

माहेर पुण्यातलं, सासरही पुण्यातच, तरी महात्मा फुले वाडा आज पहिल्यांदा पाहिला. पाहुण्यांना शनिवारवाडा दाखवायला किती खेपा केल्या असतील, मोजदाद नाही. गंज पेठेच्या बाजूला गेलेच तर टिंबर मार्केटात प्लाय बघायला.

आज गेले तीही लेकीने ओढून नेलं म्हणून. तिला लग्न सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे भटजीशिवाय, करायचंय आणि आठ दिवस घरात त्यावरून धुसफूस चाललीय. "त्यांच्याकडचे तयार आहेत, अडलंय तुमचंच," असं परवा म्हणाली. आज सकाळी म्हणाली, "निदान घर तरी बघून ये, मग नाही म्हण."

वाडा म्हणून बघायला जावं तर दिंडी दरवाजा नाही की नगारखाना नाही. कौलारू, बुटकं घर. माझी उंची पाच फूट, तरी दारातून जाताना मान आपसूक खाली गेली. इथे राहून या माणसाने २४ सप्टेंबर १८७३ला सत्यशोधक समाज काढला. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको, एवढं साधं म्हणणं. देवाला त्यांचा शब्द 'निर्मिक'. मला हा शब्द आवडतो. कुंभारासारखा हाताला माती लागलेला वाटतो.

पाण्यापाशी मात्र मी अडले. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला, हे शाळेत पाठ केलं होतं, दोन मार्कांसाठी. आज तिथे उभं राहिल्यावर आठवला तो आमच्या ओट्याखालचा स्टीलचा कप. कामाच्या मावशींचा. सासूबाईंनी वेगळा ठेवलेला. त्या जाऊन नऊ वर्षं झाली, कप तिथेच आहे. मी ठेवला नाही, पण उचललाही नाही. लेकीला हे बोलले नाही. तिला माहीत असणारच.

मागे तुळशीवृंदावन आहे, त्यात जोतीरावांच्या अस्थी. आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. घरामागे खड्डाही तयार होता. नगरपालिकेने राहत्या वस्तीत पुरायला परवानगी दिली नाही, म्हणून दहन झालं. २८ नोव्हेंबर १८९०ला ते गेले, आणि अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. आमचे मामंजी गेले तेव्हा आम्हा बायकांना कोपऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

वृंदावनाला कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं, वर एक रुपयाचं नाणं. लेक हसली. मला हसू आलं नाही, कारण माझेही हात जोडलेले होते.

रिक्षात तिने पहिल्या सत्यशोधक लग्नाचं सांगितलं. २५ डिसेंबर १८७३, सावित्रीबाईंनी पुढाकार घेऊन लावलेलं. भटजी नाही, हुंडा नाही. मंगलाष्टकं खुद्द जोतीरावांची, आणि त्यात नवरी नवऱ्याकडे बायकांच्या हक्कांचं वचन मागते, मग तो ते देतो. हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या लग्नात मी अंतरपाटाआड खाली मान घालून उभी होते, आणि काय म्हणताहेत त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. 'सावधान' तेवढं कळलं.

"मग मंगलाष्टकं म्हणणार कोण?" मी विचारलं.

"आत्या म्हणेल. तिचा आवाज चांगला आहे."

आत्या! म्हणजे आता नणंदबाईंना पटवायचं तेही माझ्याच गळ्यात.

घरी आले तर आमच्या गुरुजींचे दोन मिस्ड कॉल. मुहूर्त काढून ठेवलाय त्यांनी. ह्यांना म्हटलं, तुम्हीच बोला. हे म्हणाले, उद्या बघू.