संप, मेथी आणि पुढचा भाग

2023 मधे 2 मेपासून हॉलिवूडचे लेखक संपावर गेले ना, तेव्हा मी इथे इंदूरला रामबागेत बसून चिडले होते, म्हणजे तिकडे लोक पोटासाठी बोर्ड घेऊन उन्हात फिरतायत आणि मला पडलेली की 'स्ट्रेंजर थिंग्ज' या माझ्या अमेरिकन सिरियलचं आता काय! रात्रीचे गप्पांचे शो तर लगेच बंद, कारण त्यांचे जोक त्याच दिवशी लिहितात, शिळे चालत नाहीत. आईला सांगितलं तर म्हणाली, "पैशासाठी ना? मग बरोबर आहे." आजोबा मिलमधे होते, त्यामुळे संप म्हटलं की ती आधी कामगारांच्या बाजूने, बाकीचं मग ऐकते. मी म्हटलं, नुसता पैसा नाही गं, एआयकडून लिहून घेतील ही पण भीती आहे. तर म्हणे, "आमच्या सिरियली कधीपासून मशीनच लिहितंय."

148 दिवस चालला तो संप. माझा सीझन आला थेट 2025 च्या नोव्हेंबरात, तोवर त्यातल्या पोरांना दाढ्या आल्या. त्याआधीचा 2007-08 चा 100 दिवसांचा, त्यात 'हीरोज' या तिकडच्याच सिरियलचा दुसरा सीझन 11 भागांत गुंडाळला होता.

आईचा संप मात्र नोव्हेंबर 2008 चा. लेखकांचा एकट्यांचा नाही, मुंबईत फिल्म-टीव्हीवाल्या कामगारांच्या फेडरेशननेच काम थांबवलं, शूटिंग ठप्प, आणि हिंदी चॅनल जुनेच भाग दाखवायला लागले. आई आणि वरच्या काकू संध्याकाळी ओटल्यावर मेथी निवडत बसायच्या. पहिल्या दिवशी नुसत्या शिव्या. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, आता बघा, सासू आजारपणाचं नाटक करणार. आई म्हणे छे, ते दिवाळीआधीच झालं, त्यापेक्षा सुनेला नोकरी लावू. लावली! बँकेत. मग सासूचा हात मोडला, हा काकूंचा हट्ट, कारण त्यांच्या स्वतःच्या सासूबाई वरच्या खोलीत खोकत होत्या. मी पोह्यांवर शेव घालून घेत सगळं ऐकायचे, आणि खरं सांगते, चॅनलपेक्षा यांची स्टोरी फास्ट होती.

संप मिटला, नवा भाग लागला. सून तशीच पदर खोचून स्वयंपाकघरात, सासू दोन्ही हातांनी आरती ओवाळतेय. ब्रेक लागायच्या आधीच काकू जिन्यावरून ओरडल्या, "अहो, हिचा हात कधी बरा झाला?"