रोदा स्पीकरवर चालत नाही

शाळेच्या वहीत त्या मुलाच्या नावापुढे 'आक्रमक वर्तन' असं लिहिलं गेलं. ती नोंद चुकीची आहे. का चुकीची, हे कळायला कापोएराची, म्हणजे वाद्याच्या ठेक्यावर खेळायच्या ब्राझीलच्या लढाऊ कलेची, रोदा, म्हणजे खेळाचं रिंगण, कशी चालते ते माहीत असावं लागतं.

ब्राझीलच्या साल्वादोर शहरातल्या एका प्राथमिक शाळेत आम्ही कापोएरा शिकवतो; हा सात ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग. २० नोव्हेंबर १६९५ला झुम्बी मारला गेला; पळालेल्या गुलामांच्या पाल्मारेस या वसाहतीचा तो नेता. २०२४पासून त्या तारखेला देशभर सुट्टी असते, म्हणून शाळेचा कार्यक्रम आदल्या दिवशी होतो. मैदानावर बेरिंबाव, म्हणजे रोदेचं मुख्य वाद्य, ऐकू जात नाही, तेव्हा रेकॉर्डिंग लावू, असं कार्यालयाने परस्पर ठरवलं. आमचा विरोध कुणी ऐकून घेतला नाही.

बेरिंबाव म्हणजे बिरिबाच्या लाकडाची सव्वा ते दीड मीटरची काठी, तिला बाक देऊन ताणलेली पोलादी तार आणि खाली बांधलेला पोकळ भोपळा. तार बहुतेकदा जुन्या टायरमधून काढलेली. तिला रबर चिकटून राहिलं तर सूर घुमत नाही, म्हणून सँडपेपरने घासून लख्ख करायची. काठीच्या वरच्या टोकाला चामडं ठोकायचं, नाहीतर तार लाकडात रुतते. वाजवून झालं की तार उतरवायची, नाहीतर काठीला कायमचा बाक येतो आणि ताण जातो. मुलांसाठी काठी मीटरभराची आणि भोपळा लहान घेतो, कारण सगळं वजन करंगळीवर येतं. मोठ्या बेरिंबावाखाली आठ वर्षांच्या मुलाची करंगळी पाच मिनिटांत थरथरायला लागते.

रोदेत गुंगा, मेदियू आणि व्हियोला असे तीन बेरिंबाव असतात. सर्वांत खर्जातला गुंगा रोदा चालवतो. तो वाजवणाऱ्याची नजर खेळणाऱ्यांच्या पायांवर असते. लेझीम खेळणाऱ्या पोरांचा दम बघून हलगीवाला ठेका आवरतो, तसं. कुणी दमलं, कुणी तापलं, की ठेका संथ होतो. तेवढ्याने भागलं नाही तर गुंगा एकच सूर लागोपाठ वाजवतो. हे बोलावणं आलं की दोघांनी हातातली चाल सोडून बेरिंबावापाशी येऊन बसायचं. मुलांना हे आम्ही पहिल्या लाथेच्याही आधी शिकवतो.

जिंगा, म्हणजे कापोएराची मूळ डुलती पावलं, शिकवताना जमिनीवर खडूने त्रिकोण काढतो. उजवा पाय मागच्या बिंदूवर गेला की उजवा हात चेहऱ्यापुढे; मग डावीकडून तेच. ठेका वाढला की लहान मुलांचा पाय मागच्या बिंदूपर्यंत पोचतच नाही, दुसऱ्या पायामागे अडकतो. तोल जातो, हात कमरेपाशी लोंबतो आणि चेहरा उघडा पडतो.

त्या दिवशी नेमकं हेच झालं. रेकॉर्डिंग संथ सुरू झालं आणि मध्यावर भरधाव सुटलं. आत सात वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलीचे पाय अडकायला लागलेले आम्हाला बाहेरून दिसत होते, पण स्पीकरला ते दिसत नाही आणि त्याला बोलावताही येत नाही. ओरडलो, ते आवाजात बुडालं. मुलाने मेया-लुआ ही लाथ घेतली: पाय सरळ, बाहेरून आत, पूर्ण अर्धवर्तुळ, अगदी ठेक्यावर. मुलगी खाली बसायला अर्धा ठोका उशीर झाली आणि तिचा ओठ फाटला.

मुलाची चाल निर्दोष होती. तरी त्याला हात धरून बाहेर नेलं, तेही दोनशे पालकांसमोर. ज्यांनी हे केलं त्यांना मेया-लुआ कुठली आणि ढकलणं कुठलं, यातला फरक ठाऊक नाही. तो शिकून घ्यायची इच्छाही दिसली नाही.

याच मुलांना आम्ही इतिहास शिकवला होता. गुलामगिरी १८८८मध्ये संपली आणि १८९०च्या दंडसंहितेने कापोएरा हा गुन्हा ठरवला. रस्त्यात खेळताना सापडलं तर दोन ते सहा महिने कैद. साल्वादोरमध्ये मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिंबांनी १९३०च्या दशकात ती अकादमीत आणली, मेस्त्रे पास्तिन्यांनी १९४१मध्ये अंगोला शैलीची शाळा काढली. 'कावालारिया' नावाचा ठेका मुलं बाकांवर टापांसारखा बडवतात. घोडेस्वार पोलीस आले की बेरिंबाववाला तो वाजवून रोदेला सावध करायचा, असं जुने मेस्त्रे सांगत आले आहेत. वाद्य माणसांवर लक्ष ठेवतं, हे मुलांना पटलेलं होतं. मग त्यांच्याच इतिहासाच्या दिवशी शाळेने ते वाद्य बाजूला काढलं. याचा राग अजून जात नाही.

नोंद खोडावी म्हणून मुख्याध्यापकांना लेखी दिलं आहे. त्यावर मुलीच्या आईनेही सही केली. उत्तर आलेलं नाही. मुलगा वर्गात येतो, पण लाथ मध्येच थांबवतो. अशी अर्धवट लाथ जास्त धोक्याची, कारण समोरचा पूर्ण अर्धवर्तुळाचा हिशोब धरून खाली बसतो आणि पाय गेला समजून वर येतो, तर पाय तिथेच असतो. म्हणून सध्या प्लास्टिकची खुर्ची मध्ये ठेवून, अंगोलाच्या संथ ठेक्यावर, तिच्या पाठीवरून पाय पूर्ण पलीकडे नेण्याचा सराव त्याच्याकडून करून घेतोय.